बिनचिठ्ठीची डबी

सोमवार, ४

आज दातांच्या लॅबमध्ये अकरा कवळ्या घासून चकचकीत केल्या. बाराव्या कवळीशी मनात आलं की आयुष्यात एक तरी वस्तू अशी करावी, जी झोपताना पेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवावी लागत नाही.

तर ठरलं. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला नाना पंच्याहत्तर पूर्ण करतायत. नाना म्हणजे माझे सासरे, पन्नास वर्षं घड्याळजी. दुकान बंद केलं तेव्हा दुकानातलं टेबल त्यांनी घरी आणलं, ते त्यांच्या खोलीत खिडकीपाशी आहे. त्यांना मी दाढीचा ब्रश करून देणार. आत्ताच्या ब्रशाचे निम्मे केस गालाला चिकटतात आणि नाना ते घड्याळाच्या चिमट्याने एकेक काढत बसतात. खाली तळमजल्यावर सुतारकाकांचं लाकूड फिरवून कातायचं लेथ मशीन आहे. दोन महिने झाले, दर रविवारी मी त्यांच्याकडे शिकतेय. आजवर तीन मुठी आणि एक वाकडा भोवरा केला. काका म्हणतात, भोवरा वाकडा नाही, जमीन वाकडी आहे. ब्रशाची मूठ रेझिनची करायची, कवळ्या ओततो त्याची. लाकडाला मी नवखी असेन, पण रेझिन ओतणं हा माझ्या हातचा मळ आहे.

जेवताना लेक नानांच्या मागे लागली. पुढच्या महिन्यात ती कॉलेजसाठी परगावी जाणार. "आजोबा, आजीचं घड्याळ मला द्या ना. तुम्ही दुरुस्त करून ठेवलंय ना ते?"

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. नाना म्हणाले, "ठेवलंय. तू जायच्या आधी देतो." आणि अर्धं ताट टाकून उठले. भाजी जरा खारट झाली होती खरी.

शनिवार, ९

नवल वर्तलं. नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झाले, तेही आपणहून! दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, तेव्हा म्हणायचे, "मला जेवढं दिसायला हवं तेवढं दिसतं." आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्वतः सांगितलं, "उजवा करा. भिंग लावायचा तो." मग विचारलं, "केसाएवढी स्प्रिंग दिसेल का?"

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता स्प्रिंग कशाला बघता, नातवंडं बघा."

नाना हसले नाहीत. "दिसेल का ते सांगा."

नवरा म्हणतो त्याने समजावलं म्हणून ऐकलं. माझ्या मते माझ्या कटकटीला यश आलं. कोणाच्या कोंबड्याने का होईना, उजाडलं म्हणजे झालं.

गुरुवार, १४

ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून नाना पलंगावर राजासारखे पडलेत. दहा दिवस तोंडाला पाणी नाही, वाकायचं नाही, बारीक काम नाही. दिवसातून चार वेळा थेंब. मी म्हटलं, "दुसराही लगेच करून टाकू." तर म्हणाले, "माझं काम एका डोळ्याचं आहे."

मुठीचा रंग ठरत नाही. लॅबमध्ये रेझिन आहे ते गुलाबी. गुलाबी मूठ केली तर नाना रोज सकाळी हिरड्या हातात धरून दाढी करतील. मग सुचलं, पारदर्शक ओतायचं आणि आत घड्याळाची चाकं बसवायची. सुचल्यापासून मी स्वतःवर फार खूश आहे.

शनिवार, १६

केली एकदाची चोरी. नाना दुपारी डोळा झाकून पडले होते, तेव्हा त्यांच्या टेबलापाशी गेले. त्या टेबलात प्रत्येक डबीला चिठ्ठी आहे. "मोठे काटे." "स्क्रू, चांगले." "स्क्रू, बरे." एकीवर तर "काय आहे ते बघणे" असंही लिहिलंय. सगळ्यात खालच्या खणात, फडक्याखाली, गोळ्यांची एक पत्र्याची डबी होती, तिला चिठ्ठी नाही. आत सुटे भाग. चाकं, दोन काटे, नखाएवढी पांढरी तबकडी, एक केसासारखी स्प्रिंग. ज्याला किंमत आहे त्याला नाना चिठ्ठी लावतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे हे भंगार. चिठ्ठीवाल्या डब्यांतला एक स्क्रूही मी घेतलेला नाही, हे इथे लिहून ठेवते. बिनचिठ्ठीची डबी तशीच उचलून पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी लॅबमध्ये थांबून ओतलं. आधी पातळ थर, तो जरा धरला की चिमट्याने एकेक चाक, मध्यावर तबकडी, तिच्याजवळ दोन्ही काटे, मग वरून पुन्हा रेझिन. बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा कवळ्यांच्या प्रेशरच्या भांड्यात ठेवला. साहेबांनी विचारलं, "कोणाची कवळी?" म्हटलं, सासऱ्यांची. हे एक खोटं.

मंगळवार, १९

साचा सोडवला. काय सुरेख दिसतंय! पाण्यात काहीतरी पडावं आणि पाणी तिथेच थांबावं, तसं. सुतारकाकांनी उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "आत लोखंड आहे बाई. पटाशी लागली की उडेल. आधी साधे दोन ठोकळे कातून हात बसव."

एक ठोकळा फुटला. दुसरा जमला.

रविवार, २४

आज कातला. ठोकळा चौकोनी होता तोवर पटाशीवर टक टक टक बसत होतं. मग आवाज सलग झाला आणि पांढऱ्या रिबिनी निघायला लागल्या, मशीनवर, हातांवर, माझ्या केसांत. काकांनी दोनदा मशीन बंद करून त्या काढल्या. मुठीला मध्ये कंबर द्यायची होती. तिथे जरा खोल गेले आणि खर्रकन आवाज आला. मोठ्या काट्याचं टोक पटाशीखाली गेलं होतं.

मला वाटलं अजून थोडं कातून सारखं करावं. काका म्हणाले, "हात आवर. चूक सारखी करायला गेलीस तर तबकडीपण जाईल." म्हणून मूठ कंबरेत जरा जाड राहिली. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासली, कवळ्यांच्या पॉलिशने चमकवली, भोक पाडून विकत आणलेला केसांचा झुपका चिकटवला. झाला ब्रश. पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवलाय.

वर आले तर नाना त्यांच्या खोलीत जमिनीवर बसलेले, टेबलाचे सगळे खण बाहेर काढून भोवती मांडलेले. आजच त्यांचे दहा दिवस संपले.

"काय शोधताय नाना?"

"चष्म्याचं घर."

चष्म्याचं घर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, अर्धं बाहेर डोकावत. मी म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" नाना हसले, पण जरा उशिरा हसले.

मंगळवार, २६

मला काही कळेनासं झालंय. आज पुन्हा शोधाशोध. मी विचारलं तर म्हणाले, पेन्सिल. कपाटातले कोट काढून एकेक खिसा चाचपला, गादी उलटली, आणि लॅबमधून आले तेव्हा स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात हात घालून उभे.

"पेन्सिल डाळीत कशाला जाईल नाना?"

"बघितलं आपलं," म्हणाले. हाताला डाळ चिकटली होती, तशीच घेऊन खोलीत गेले.

थोड्या वेळाने दाराशी आले. "सूनबाई, माझ्या टेबलाला कोणी हात लावला होता का गं? मी पडून होतो तेव्हा?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं यांना वाढदिवसाचा वास लागला. मी म्हटलं, "छे! तुमच्या टेबलाला हात लावायची कोणाची टाप आहे?"

"खरंच?"

"खरंच नाना."

त्यांनी एकदा मागे आपल्या खोलीकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाले. पेन्सिल त्यांच्या कानामागे होती.

गुरुवार, २८

नवऱ्याला सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण आज नाना बागेच्या बाकाखाली काहीतरी शोधताना शेजाऱ्यांना दिसले, आणि त्यांना म्हणाले की किल्ली पडलीये. किल्ली घरात खुंटीला होती. रोज वेगळी वस्तू हरवते आणि रोज ती समोर असते. म्हणजे काय शोधतोय हेच ते विसरतात का?

एकदा वाटलं, त्या डबीचं तर नसेल? पण चष्म्याचं घर, पेन्सिल, किल्ली आणि त्या भंगाराचा काय संबंध? आणि भंगारासाठी माणूस डाळीत हात घालतो का? मी नवऱ्याला तेही विचारलं, डबीचं नाव न काढता. "नाना भंगार जपून ठेवतात का रे?" तो म्हणाला, "बाबा? त्यांच्याकडे भंगारालासुद्धा चिठ्ठी असते." मग तर प्रश्नच मिटला.

नवऱ्याने फोनवर विसरण्याच्या आजाराची लक्षणं वाचली. वाचून त्याचा चेहरा उतरला. ठरलं की रोज सकाळी नानांना सहज विचारल्यासारखं वार विचारायचा. आज मी विचारला. "गुरुवार," नाना म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "गुरुवारच ना?"

शनिवार, ३०

डॉक्टरांकडे गेलो, मेंदूच्या. मला वाटलं होतं नाना चिडतील. निमूट चपला घातल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, घड्याळ काढून दाखवा, अकरा वाजून दहा मिनिटं. नाना म्हणाले, "मनगटाचं की भिंतीचं?" आणि असं घड्याळ काढलं की डॉक्टरांनी कागद ठेवून घेतला. छोटा काटा अकराच्या किंचित पुढे, कारण दहा मिनिटं झालीयेत. मला हसूही आलं आणि जीवही भांड्यात पडला. पण तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला तिसरा आठवेना. मला आठवत होता. मी ओठ घट्ट मिटून बसले.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? विसरायला होतं?"

नाना हळू म्हणाले, "एक वस्तू मी ठेवली होती. जिथे ठेवली तिथे नाही. कोणी घेतलेली नाही. म्हणजे मीच उचलून कुठेतरी ठेवली असणार, आणि ते मला काही केल्या आठवत नाही."

"कुठली वस्तू?"

"आहे एक."

डॉक्टर म्हणाले, तीन महिने लक्ष ठेवा, एकट्याने बाहेर नको, गॅसकडे नको. येताना नाना माझा हात धरून रस्ता ओलांडत होते. आजवर कधी धरला नव्हता. मला इतकं रडू येत होतं की सिग्नल हिरवा झालेला मलाच दिसला नाही.

बुधवार, ३

नवऱ्याचं म्हणणं, टेबल काढायचं. त्या टेबलात ॲसिड आहे, ब्लेडं आहेत, स्पिरिटचा दिवा आहे. जुन्या घड्याळांचा एक व्यापारी रविवारी येऊन सगळी हत्यारं नेणार. मी म्हटलं, "अरे, वाढदिवसाच्या दिवशी?" तर म्हणाला, "त्याला तोच दिवस जमतोय."

भांडले मी. टेबल गेलं तर नाना दिवसभर करणार काय? तो म्हणाला, "आणि घर पेटलं तर?" वाद चालू असताना नानाच बाहेर आले.

"नेऊ दे त्यांना," म्हणाले. "दुसऱ्याचं घड्याळ उघडायचं तर हाताइतकाच डोक्याचा भरवसा लागतो."

खोलीत गेले आणि हत्यारं फडक्यांत गुंडाळायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे, मी करतो." मग एकदम, "पोरीला सांगशील का, घड्याळाचं जरा लांबेल म्हणून? मला नाही सांगता येणार."

मी मान हलवली. दुरुस्त करून ठेवलेलं घड्याळ काढून द्यायला काय लांबायचंय, कळलं नाही. विचारलं नाही. आता त्यांना काही विचारायचं म्हटलं की उत्तराचीच धास्ती वाटते.

रविवार, ७

नीट क्रमाने लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच वाटेल मी काहीतरी भलतं लिहिलंय.

व्यापारी दहाला आला. दोन खोकी बांधून दाराशी ठेवली. नाना नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते, परक्याच्या घरी बसावं तसे. मला वाटलं, खोकी जायच्या आधी काहीतरी चांगलं घडावं, म्हणून मी ब्रश आणला. "नाना, मी केलाय. स्वतः, लेथवर."

त्यांनी हातात घेतला. "वा! अगदी मुठीत बसतो." उजेडाकडे वळवला. आणि थांबले.

"माझं भिंग कुठे आहे?"

भिंग बांधलेल्या खोक्यात. नाना उठले, दोरी कापली, भिंग शोधून उजव्या डोळ्याला लावलं आणि खिडकीशी गेले. मूठ हळूहळू फिरवत होते. व्यापारी घड्याळ बघत होता.

"हे कुठून घेतलंस?"

"तुमच्या खालच्या खणातून. गोळ्यांच्या डबीतलं भंगार. चिठ्ठी नव्हती ना तिला."

"कधी?"

"तुमच्या डोळ्यावर वाटी होती तेव्हा."

"डबी खालच्या खणात होती? फडक्याखाली?"

"हो."

"म्हणजे मी ठेवली तिथेच होती."

"हो नाना, पण..."

"मी हरवली नाही." भिंग काढलं. "मी कुठेच ठेवून विसरलो नाही." हे ते तीन-चार वेळा म्हणाले असतील. मग मटकन खुर्चीत बसले आणि हसायला लागले. खांदे गदागदा हलत होते, दोन्ही डोळ्यांतून पाणी. ऑपरेशनच्या डोळ्याला रडणं चालतं की नाही, हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं, त्या क्षणी माझ्या मनात नेमकं तेच आलं. नवरा धावला, त्याला वाटलं झटका आला. नाना त्याला हाताने बाजूला सारत होते.

लेकीने ब्रश उचलला, उजेडात धरला. "आजोबा, ही तबकडी... आजीच्या हातात फोटोत आहे ती."

मग कळलं. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांचं घड्याळ बंद पडलं. नानांनी उघडलं, सगळं सुटं केलं, आणि त्या गेल्या. परत जोडायला बसले तर स्प्रिंग दिसेना. पन्नास वर्षं गावाची घड्याळं चालवणाऱ्या माणसाने बायकोचं घड्याळ सुटं करून ठेवलंय, हे सांगायची लाज वाटली, म्हणून सगळ्यांना सांगितलं दुरुस्त झालं. डबीला चिठ्ठी लावली असती तर कोणीतरी वाचली असती. पोरीने मागितलं म्हणून डोळा करून घेतला.

आणि मी ते रेझिनमध्ये ओतलं. काट्याचं टोक कातलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "नाना, हे आता सुटत नाही. फोडलं तर चाकंही फुटतील." ते अजून हसतच होते. असं हसणारा माणूस बरा आहे की बिघडलाय, मला अजूनही सांगता येत नाही.

व्यापाऱ्याला म्हणाले, "माफ करा, तुमची फुकट फेरी झाली. चहा घेऊन जा." दुसऱ्या खोक्याची दोरी त्यांनी स्वतः कापली.

लेक बराच वेळ मूठ बघत होती. म्हणाली, "केवढुसं घड्याळ घालायची आजी."

सोमवार, ८

सकाळी चहा घेऊन गेले. नाना खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होते, नव्या ब्रशाने. एका गालाला फेस. रात्रभर घोकून ठेवलेलं वाक्य मी एका दमात म्हणून टाकलं, "नाना, माझ्यामुळे आईंचं घड्याळ गेलं, मला माफ करा."

"घड्याळ ती असतानाच बंद पडलं होतं," म्हणाले. "नव्या डोळ्यानेही माझ्याच्याने झालं असतं की नाही, देव जाणे. त्याचं मला काही नाही." ब्रश खाली ठेवला. "पण मी तुला विचारलं होतं. तू छे म्हणालीस. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत. मग चुकणारा मी एकटाच उरलो."

मी हातातला कप टेबलावर ठेवला, स्क्रूंच्या डब्यांमध्ये. गंमत होती हो नाना, वाढदिवसाची गंमत, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"त्या दिवसापासून जाग आली की आधी पडल्यापडल्या तुमची नावं म्हणून बघायचो. तुझं, त्याचं, पोरीचं. तिन्ही आठवली की मगच खोलीबाहेर यायचो. एकदा पोरीचं यायला वेळ लागला, तर उठायला भ्यायलो."

मी विचारलं, "आणि आज?"

नानांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"आज म्हणायचं विसरलो," म्हणाले, आणि दुसऱ्या गालाला फेस लावायला लागले.